घरफोडीच्या घटत्या आकडेवारीची चिकित्सा : 'क्राइम इन इंडिया' अहवालांचे एक वाचन

सारांश

भारतातील गुन्ह्यांची राष्ट्रीय आकडेवारी १९५३ पासून 'क्राइम इन इंडिया' या वार्षिक अहवालातून उपलब्ध होते. या आकडेवारीनुसार स्वातंत्र्योत्तर काळात जवळजवळ सर्व प्रमुख गुन्ह्यांची संख्या वाढली. घरफोडीची मात्र कमी झाली. ही घट सुरक्षिततेची निदर्शक आहे की नोंदणीच्या रीतीची, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. कायद्यातील व्याख्या, मोजणीचे नियम, पोलीस ठाण्यातील व्यवहार आणि अन्य देशांतील अनुभव यांच्या आधारे या आकड्यांची चिकित्सा येथे केली आहे. घरफोडी घटली हे विधान खोटे ठरवता येत नाही. तथापि ते सिद्ध करण्याचे साधनच देशाने निर्माण केलेले नाही, असा निष्कर्ष या चिकित्सेतून निघतो.

बीजसंज्ञा : घरफोडी, गुन्हेविषयक आकडेवारी, गुन्हा नोंदणी, मुख्य गुन्ह्याचा नियम, गुन्हापीडित सर्वेक्षण, विमुक्त जमाती.

१. प्रस्तावना

घर हे माणसाच्या सुरक्षिततेचे अखेरचे ठिकाण मानले जाते. रस्त्यावर खिसा कापला गेला तर माणूस हळहळतो. परंतु घर फोडले गेले तर तो हादरतो. ऐवज गेल्याच्या दुःखापेक्षा आपल्या कपाटात, देवघरात, अंथरुणा-पांघरुणात परक्याचा हात फिरला ही जाणीव अधिक काळ टिकते. म्हणूनच एखाद्या समाजातील सुरक्षिततेचे मोजमाप करताना घरफोडीच्या प्रमाणाला समाजशास्त्रज्ञ आणि गुन्हेशास्त्रज्ञ विशेष महत्त्व देतात.

भारतात या मोजमापाचा एकमेव देशव्यापी आणि सलग स्रोत म्हणजे 'क्राइम इन इंडिया' हा अहवाल होय. १९८६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग, म्हणजे एनसीआरबी, हा अहवाल प्रसिद्ध करतो. विधिमंडळातील चर्चा, वर्तमानपत्रांतील मथळे, संशोधकांचे प्रबंध आणि महाविद्यालयीन अध्यापन या सर्वांचा आधार हाच अहवाल असतो. असे असूनही या अहवालाकडे संदर्भग्रंथ म्हणून जितके पाहिले जाते, तितके चिकित्सेचा विषय म्हणून पाहिले जात नाही. त्यातील तक्ते उतरवून घेतले जातात. ते तक्ते कसे तयार झाले हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात घरफोडी हा एकच गुन्हा घेऊन तो प्रश्न विचारण्याचा प्रयत्न केला आहे.

२. १९५३ ते २०११ : आकडे काय सांगतात

१९५३ साली भारतीय दंड संहितेखाली देशात सुमारे ६ लाख २ हजार दखलपात्र गुन्हे नोंदवले गेले. त्यांपैकी सुमारे १ लाख ४७ हजार गुन्हे घरफोडीचे होते. म्हणजे नोंदवलेला दर चौथा गुन्हा हा घरफोडीचा होता. २०११ साली एकूण गुन्ह्यांची संख्या २३ लाख २५ हजारांवर पोहोचली. घरफोडीच्या नोंदी मात्र सुमारे ९२ हजार ५०० इतक्याच होत्या. एकूण गुन्ह्यांतील घरफोडीचा वाटा चोवीस टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आला.

लोकसंख्येचा विचार केल्यास ही घट अधिकच ठळक होते. १९५१ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या सुमारे ३६ कोटी होती, २०११ मध्ये ती १२१ कोटी झाली. त्या हिशेबाने दर लाख लोकसंख्येमागे घरफोडीच्या नोंदी १९५३ मध्ये सुमारे ३९ आणि २०११ मध्ये साडेसातच्या आसपास येतात. सहा दशकांत हा दर पाचव्या हिश्श्यावर आला.

या घटीचे स्वरूप समजून घेण्यासाठी दुसऱ्या दोन गुन्ह्यांशी तुलना करणे उपयुक्त ठरते. १९५३ मध्ये खुनाचे ९,८०२ गुन्हे नोंदवले गेले होते, २०११ मध्ये ३४,३०५. दर लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण अनुक्रमे २.६ आणि २.८ असे येते. मधल्या काळात त्यात चढउतार झाले. तथापि आरंभ आणि शेवट यांत फारसे अंतर नाही. जबरी चोरीच्या नोंदी याच काळात ८,४०७ वरून २४,७०० वर गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या वाढीशी जवळपास समांतर राहिल्या. घरफोडी मात्र या दोहोंपासून पूर्णतः वेगळ्या वाटेने गेलेली दिसते.

खून लपवणे कठीण असते. मृतदेह हा स्वतःच एक पुरावा असतो. जबरी चोरीत पीडित व्यक्ती आणि चोर समोरासमोर आलेले असतात. घरफोडीचे तसे नाही. ती बहुधा कोणाच्याही नकळत घडते आणि तिची नोंद पूर्णतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : घरमालकाने पोलीस ठाण्यात जाणे आणि ठाण्याने त्याचे म्हणणे लिहून घेणे. ज्या गुन्ह्याची नोंद टाळणे कठीण आहे तो स्थिर, आणि ज्याची नोंद टाळणे सोपे आहे तो पाचव्या हिश्श्यावर, ही विसंगती अभ्यासकाने सहज ओलांडून पुढे जावे अशी नाही. वेगवेगळ्या गुन्ह्यांची कारणे वेगवेगळी असतात, हे मान्य करूनही ती स्पष्टीकरण मागते.

३. कायद्याची व्याख्या आणि मोजणीची रीत

'घरफोडी' हा शब्द व्यवहारात जितका सोपा वाटतो तितका कायद्यात नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४४५ मध्ये घरात शिरण्याचे अथवा घराबाहेर पडण्याचे सहा प्रकार सांगून त्यांपैकी कोणत्याही प्रकाराने केलेले गृहअतिक्रमण म्हणजे घरफोडी, अशी व्याख्या केली होती. भिंतीला भोक पाडणे, माणसांच्या ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने शिरणे, कुलूप उघडणे, बळाचा वापर करणे इत्यादी प्रकार त्यात येत. भिंतीला भोक पाडून त्यातून नुसता हात आत घातला तरी घरफोडी पूर्ण होते, असे उदाहरणही त्याच कलमाखाली दिलेले होते. वस्तू चोरीला जाणे हा या व्याख्येचा आवश्यक भागच नव्हता.

याउलट कलम ३८० हे राहत्या घरातील चोरीचे होते. कोणी उघड्या दारातून आत येऊन भांडे उचलून नेले तर ती घरातील चोरी. कडी तोडून नेले तर घरफोडी. पोलीस ठाण्यात सामान्यतः 'कलम ४५४, ४५७, ३८०' अशी कलमे एकत्र लावली जात. कलम ४५४ दिवसाच्या आणि ४५७ रात्रीच्या घरफोडीसाठी होते. चोरीच्या उद्देशाने केलेल्या दिवसाच्या घरफोडीला दहा वर्षांपर्यंत, रात्रीच्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत आणि घरातील चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती.

येथे मोजणीचा एक महत्त्वाचा नियम लागू होतो. एकाच प्रथम खबरी अहवालात अनेक गुन्हे असले तर एनसीआरबी त्यांतील सर्वांत गंभीर असा एकच गुन्हा मोजते. यास मुख्य गुन्ह्याचा नियम म्हणतात. घर फोडताना खून झाला तर ती घटना खुनाच्या रकान्यात जाते; पाच किंवा अधिक जणांनी मिळून घर लुटले तर दरोड्याच्या रकान्यात. म्हणजे घरफोडीचे सर्वांत भयंकर प्रकार घरफोडीच्या आकड्यात दिसतच नाहीत.

दुसऱ्या टोकालाही गळती आहे. कुलूप तोडल्याचा उल्लेख फिर्यादीत व पंचनाम्यात आला नाही आणि केवळ कलम ३८० लावले गेले, तर तीच घटना 'चोरी' या रकान्यात जाते. घरमालकाच्या दृष्टीने घर फुटलेले असते. राष्ट्रीय तक्त्याच्या दृष्टीने एक साधी चोरी झालेली असते. ठाणे अंमलदाराच्या लेखणीच्या एका फरकाने रकाना बदलतो. वर्षानुवर्षे अशा फरकांची बेरीज होत गेली तर राष्ट्रीय कल म्हणून जे दिसते त्यात किती वाटा चोरांचा आणि किती लेखणीचा, हे वेगळे काढणे अशक्य होते.

शिवाय २०१४ पासून एनसीआरबीने माहिती गोळा करण्याचे नमुने बदलले. त्या अहवालात 'घरफोडी' या जुन्या शीर्षकाच्या जागी फौजदारीपात्र अतिक्रमण आणि घरफोडी असे संयुक्त शीर्षक आले. त्यामुळे २०१३ पर्यंतची मालिका आणि त्यानंतरचे आकडे सरळ एकमेकांपुढे ठेवता येत नाहीत. अनेक लेखांत व प्रबंधांत मात्र ती एकच अखंड रेषा म्हणून काढलेली आढळते.

आकड्याला ज्या संख्येने भागले जाते तिच्याविषयीही विचार व्हायला हवा. गुन्ह्याचा दर लोकसंख्येवर काढला जातो. परंतु फुटते ते घर, माणूस नव्हे. २००१ मध्ये देशात सुमारे १९ कोटी कुटुंबे होती, २०११ मध्ये ती सुमारे २५ कोटी झाली. लोकसंख्येपेक्षा कुटुंबांची संख्या अधिक वेगाने वाढली, कारण कुटुंबे लहान होत गेली. घरफोडीचा दर कुटुंबांमागे किंवा घरांमागे काढला गेला तर तो गुन्ह्याच्या स्वरूपाशी अधिक सुसंगत ठरेल. २०११ नंतर जनगणना वेळेवर न झाल्याने पुढील वर्षांचे दर अंदाजित लोकसंख्येवरच आधारलेले आहेत, हेही विसरून चालणार नाही.

४. ठाण्याची पायरी : न नोंदवलेली घरफोडी

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकातील घरफोडी देवलांच्या संगीत रूपांतरामुळे मराठी रसिकांना चांगली परिचित आहे. शर्विलक भिंतीला खिंडार पाडून चारुदत्ताच्या घरात शिरतो आणि वसंतसेनेने ठेव म्हणून ठेवलेले अलंकार नेतो. या प्रसंगाची चर्चा बहुधा शर्विलकाच्या कौशल्याच्या अंगाने होते. येथे मात्र त्यानंतर घडणारी गोष्ट महत्त्वाची आहे. चारुदत्त दाद मागायला कोठेही जात नाही. दरिद्री माणसाच्या घरून ठेव चोरीला गेली यावर कोण विश्वास ठेवील, अशी त्याची चिंता आहे. अखेरीस त्याची पत्नी धूता आपली रत्नमाला देते आणि नुकसान घरातल्या घरात भरून काढले जाते. नगरातील एक घरफोडी अशा रीतीने कोणत्याही दप्तरात न जाता संपते.

चारुदत्ताचे हे कारण आजही जुने झालेले नाही. घर फुटल्यावर अनेक कुटुंबे ठाण्याची पायरी चढत नाहीत. गेलेल्या दागिन्यांच्या पावत्या नसतात. रोख रक्कम कोठून आली हे सांगणे नको असते. मोलकरणीवर, भाडेकरूवर किंवा नातलगावर संशय येईल ही भीती असते. आणि गेलेला माल परत मिळेल यावर विश्वास नसतो. पाश्चात्त्य देशांत घराचा विमा सार्वत्रिक असल्याने नुकसानभरपाईसाठी पोलिसांत नोंद करणे भाग पडते. भारतात घरगुती विमा अत्यल्प आहे. वाहनचोरीची नोंद तुलनेने चांगली होते, कारण विम्याचा दावा करण्यासाठी प्रथम खबरी अहवाल लागतो. घरातून गेलेल्या मंगळसूत्रासाठी असा कोणताही कागद कोणी मागत नाही.

जे ठाण्यापर्यंत जातात त्यांच्यापुढे दुसरा उंबरठा असतो. गुन्हा नोंदवण्याऐवजी तक्रार अर्जावर थांबवणे, किंमत कमी लिहिणे, सौम्य कलम लावणे या प्रकारांना पोलीस परिभाषेत 'बर्किंग' असे नाव आहे. राष्ट्रीय पोलीस आयोगाने (१९७७–८१) गुन्हे न नोंदवण्याच्या या प्रवृत्तीची गंभीर दखल घेतली होती. तिचे मूळ व्यक्तींच्या अप्रामाणिकपणापेक्षा व्यवस्थेच्या रचनेत आहे. ज्या अधिकाऱ्याचे मूल्यमापन त्याच्या हद्दीतील गुन्ह्यांच्या संख्येवरून होते, त्याच अधिकाऱ्याच्या हाती ती संख्या लिहिण्याचा अधिकार असतो. परीक्षार्थीनेच स्वतःची उत्तरपत्रिका तपासावी, अशी ही व्यवस्था आहे. शिवाय घरफोडीचा तपास लागण्याची शक्यता कमी असल्याने नोंदवलेला प्रत्येक गुन्हा 'न उघडकीस आलेला' म्हणून ठाण्याच्या खात्यावर पडून राहतो.

१२ नोव्हेंबर २०१३ रोजी 'ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश शासन' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्रथम खबरी अहवाल नोंदवणे बंधनकारक असल्याचा निर्णय दिला. याच सुमारास दिल्लीत गुन्हा नोंदणीबाबतचे धोरण बदलले आणि पुढे चोरीच्या तक्रारी ऑनलाइन नोंदवण्याची सोय झाली. दिल्लीतील दंड संहितेखालील गुन्हे २०१३ मधील सुमारे ८० हजारांवरून २०१४ मध्ये १ लाख ५५ हजारांवर आणि २०१५ मध्ये १ लाख ९१ हजारांवर गेले. दोन वर्षांत शहरातील गुन्हेगारी दुपटीहून अधिक वाढली असे कोणीही जाणकार म्हणणार नाही. वाढली ती नोंद. मग हाच न्याय उलट दिशेनेही लावावा लागतो. जी संख्या नोंदणीच्या धोरणाने दुप्पट होऊ शकते, ती नोंदणीच्या टाळाटाळीने निम्मीही होऊ शकते.

राज्याराज्यांतील तुलनेचेही असेच आहे. २०११ मध्ये दंड संहितेखालील गुन्ह्यांचा राष्ट्रीय दर लाखामागे १९२ होता. केरळचा ५१५ होता, तर उत्तर प्रदेशाचा राष्ट्रीय दराच्या सुमारे निम्मा. साक्षरता, ठाण्यांची उपलब्धता आणि नागरिकांची हक्कांबाबतची जागरूकता ज्या राज्यात अधिक, तेथे नोंदही अधिक होते. महाराष्ट्र हे घरफोडीच्या नोंदींत सातत्याने वरच्या क्रमांकावर राहिलेले राज्य आहे. त्यावरून येथील घरे इतरत्रच्या घरांपेक्षा अधिक असुरक्षित आहेत असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. अलीकडच्या अहवालांत गुन्ह्यांतील वाढ आणि नोंदणीतील वाढ या दोन भिन्न गोष्टी असल्याचे एनसीआरबीनेच स्पष्ट केले आहे. ही सूचना योग्यच आहे. परंतु ती आकडे वाढतात तेव्हा पोलिसांच्या बचावासाठी पुढे केली जाते, आकडे घटतात तेव्हा मात्र ती कोणाला आठवत नाही.

५. घट खरी असण्याच्या शक्यता

केवळ संशयावर थांबणे ही चिकित्सा नव्हे. घरफोडी खरोखरच घटली असावी असे मानण्यासही काही आधार आहेत आणि त्यांचा प्रामाणिकपणे विचार करावा लागतो.

पहिला आधार घराच्या बांधणीचा आहे. मातीच्या भिंतीला खिंडार पाडणे हा घरफोडीचा पारंपरिक प्रकार होता. कायद्यातील उदाहरण आणि शर्विलक हे दोघेही त्याच जगातले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील जवळपास निम्म्या घरांच्या भिंती भाजलेल्या विटांच्या होत्या आणि मातीच्या अथवा कच्च्या विटांच्या भिंती सुमारे एक-चतुर्थांश घरांपुरत्या उरल्या होत्या. लोखंडी गज, सुरक्षा दरवाजे, गृहनिर्माण संस्थांचे पहारेकरी यांनी शहरी घरफोडी अधिक कठीण केली आहे. दुसरा आधार बँकांचा. बँकसेवा घेणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २००१ मधील सुमारे ३५ टक्क्यांवरून २०११ मध्ये सुमारे ५९ टक्क्यांवर गेले. पूर्वी पेटीत, मडक्यात, धान्याच्या कणगीत राहणारी रोकड घराबाहेर गेली. सोने मात्र बऱ्याच अंशी घरातच राहिले.

याच्या विरुद्ध दिशेने काम करणारी कारणेही आहेत. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार प्रवृत्त गुन्हेगार, योग्य लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव या तीन गोष्टी एकत्र आल्या की गुन्हा घडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत समृद्धी वाढत असताना घरफोडी का वाढली, याचे उत्तर त्यांनी या सिद्धांताने दिले. स्त्रिया कामासाठी घराबाहेर पडल्या, घरे दिवसा रिकामी राहू लागली आणि वस्तू उचलून नेण्याजोग्या हलक्या झाल्या. एका प्रसिद्ध विक्रीसूचीतील सर्वांत हलका दूरचित्रवाणी संच १९६० मध्ये ३८ पौंडांचा होता, १९७० मध्ये तो १५ पौंडांचा झाला, हे त्यांनी दिलेले उदाहरण बोलके आहे. भारतातही एकत्र कुटुंबे विभागली, पती-पत्नी दोघेही नोकरीला जाऊ लागले, सुट्टीत घरे बंद राहू लागली, मौल्यवान वस्तू खिशात मावण्याएवढ्या झाल्या. या सिद्धांताप्रमाणे भारतात घरफोडी वाढायला हवी होती.

२०२० मधील टाळेबंदीने या सिद्धांताची जणू परीक्षाच घेतली. सरकारी आदेशाच्या अवज्ञेचे गुन्हे २०१९ मधील सुमारे २९ हजारांवरून ६ लाख १२ हजारांवर गेल्याने एकूण गुन्ह्यांची संख्या वाढली. परंतु चोरी, घरफोडी, जबरी चोरी आणि दरोडा हे गुन्हे घटले. प्रत्येक घरात राखणदार होता, हे त्याचे एक कारण. तथापि त्या काळात ठाण्यापर्यंत जाणेही अवघड होते आणि बंद दुकाने तपासायला मालक येऊ शकत नव्हते. म्हणजे ज्या वर्षी सिद्धांत सर्वाधिक स्पष्टपणे खरा ठरावा, त्या वर्षीही घट घटनांची किती आणि नोंदीची किती हे भारतीय आकडे सांगू शकत नाहीत.

६. परदेशातील घट आणि तिचा पुरावा

घरफोडी घटणे ही केवळ भारतीय घटना नाही. अमेरिकेत १९८० मध्ये लाख लोकसंख्येमागे सुमारे १,६८४ घरफोड्यांची नोंद झाली होती. २०१९ मध्ये हा दर सुमारे ३४० होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यास शिखर गाठलेली घरफोडी पुढील पाव शतकात तीन-चतुर्थांशाहून अधिक घटली. अमेरिकेचा २०१९ मधील खाली आलेला दरही भारताच्या २०११ च्या दराच्या चाळीस पटींहून अधिक आहे. अमेरिकेतील घरे भारतातील घरांपेक्षा चाळीस पट अधिक फुटतात, असे मानणे कठीण आहे. हा आकडाच भारतीय नोंदीविषयी पुरेसा प्रश्न उपस्थित करतो.

परंतु खरा फरक संख्येत नसून पुराव्यात आहे. अमेरिकेत १९७३ पासून राष्ट्रीय गुन्हापीडित सर्वेक्षण होते. ब्रिटनमध्ये असे सर्वेक्षण १९८२ मध्ये सुरू झाले. त्यात निवडक कुटुंबांना थेट विचारले जाते : गेल्या काही महिन्यांत तुमचे घर फुटले का, आणि फुटले असल्यास पोलिसांना कळवले का? अमेरिकेतील सर्वेक्षणातून जवळपास निम्म्याच घरफोड्या पोलिसांना कळवल्या जातात असे दिसून आले आहे. म्हणजे तेथील पोलीस दप्तरही अपूर्णच आहे. मात्र ते किती अपूर्ण आहे याचे माप त्या देशाकडे आहे. सर्वेक्षण आणि पोलीस दप्तर दोन्ही एकाच दिशेने घट दाखवतात, म्हणून तेथील घट विश्वसनीय ठरते. त्यापुढे जाऊन ग्रॅहम फॅरेल, निक टिली, आंद्रोमाकी त्सेलोनी यांच्यासारखे अभ्यासक घरांना कोणत्या प्रकारची कुलुपे व दिवे होते याच्या आधारे घटीची कारणेही शोधू शकले.

ब्रिटनचा आणखी एक अनुभव उद्बोधक आहे. पोलिसांच्या नोंदींविषयी प्रश्न उपस्थित झाल्यावर जानेवारी २०१४ मध्ये तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने पोलीस दप्तरावर आधारित गुन्हे-आकडेवारीचा 'राष्ट्रीय सांख्यिकी' हा दर्जाच काढून घेतला. आकडे गोळा करणाऱ्या यंत्रणेहून स्वतंत्र अशी आकडे तपासणारी यंत्रणा असणे म्हणजे काय, हे यावरून लक्षात येते.

भारतात असे प्रयत्न अगदीच तुरळक झाले. कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेने दिल्ली व मुंबईत आणि आयडीएफसी इन्स्टिट्यूटने दिल्ली, मुंबई, बंगळुरू व चेन्नई या शहरांत गुन्हापीडित सर्वेक्षणे केली. चोरीच्या अनुभवांपैकी अगदी थोडा भाग प्रथम खबरी अहवालापर्यंत पोहोचतो, हे आयडीएफसीच्या पाहणीतून स्पष्ट झाले. परंतु ही सर्वेक्षणे काही महानगरांपुरती आणि एका वेळेची होती. त्यांतून राष्ट्रीय कल काढता येत नाही.

७. संशयाचा इतिहास

नोंदीच्या प्रश्नाला भारतात एक सामाजिक बाजूही आहे आणि ती वगळून ही चर्चा पूर्ण होत नाही. ब्रिटिश शासनाने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. संपूर्ण समाजांना जन्माने गुन्हेगार ठरवून त्यांना हजेरी आणि निर्बंध लागू केले. मुंबई इलाख्याचे पोलीस महानिरीक्षक मायकेल केनेडी यांनी १९०८ मध्ये इलाख्यातील तथाकथित गुन्हेगार वर्गांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. कोणता समाज कोणत्या पद्धतीने घर फोडतो याची वर्णने हा पोलिसांच्या व्यावसायिक ज्ञानाचा भाग मानला गेला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. 'क्राइम इन इंडिया'ची आकडेवारी त्याच्या पुढच्याच वर्षापासून सुरू होते. म्हणजे ज्या वर्षाला पायाभूत मानून सहा दशकांची घट मोजली जाते, त्या वर्षीचे पोलीस दल वसाहतकालीन हजेरीच्या व्यवस्थेतच घडलेले होते. पाळत, हजेरी आणि गावकामगार यंत्रणा यांतून त्या काळात मालमत्तेच्या गुन्ह्यांची नोंद ज्या रीतीने होई, ती रीत पुढे क्षीण झाली. १९५३ चा आकडा आणि २०११ चा आकडा हे दोन वेगळ्या प्रशासकीय जगांतील आकडे आहेत.

कायदा गेला तरी संशय गेला नाही. सराईत गुन्हेगारविषयक कायद्यांनी त्याची जागा घेतली. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनाने हा संशय भोगणाऱ्या समाजाचे जीवन मराठी वाचकांसमोर आणले. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये विमुक्त व भटक्या जमातींच्या स्थितीवर अहवाल सादर केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी 'सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील जातिआधारित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. या साऱ्याचा घरफोडीच्या आकड्यांशी संबंध असा की, विश्वासार्ह मोजमाप नसले की त्याची जागा पूर्वग्रह घेतो. घरे कोठे, केव्हा आणि कशी फुटतात हे पुराव्याने सांगता आले नाही, तर ती कोण फोडते याची तयार उत्तरे पुढे येतात. घर फुटलेला माणूस आणि घर फोडल्याचा संशय ज्याच्यावर विनाकारण येतो तो माणूस, असे दोघेही या अपुऱ्या आकडेवारीचे बळी आहेत.

८. नवे कायदे आणि मालिकेचे भवितव्य

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. घरफोडीची व्याख्या आता कलम ३३० मध्ये आणि शिक्षा कलम ३३१ मध्ये आहे. राहत्या घरातील चोरीसाठीच्या कलम ३०५ मध्ये मात्र वाहनांची चोरी, वाहनातील वस्तूंची चोरी, पूजास्थानातील मूर्तीची चोरी आणि शासकीय मालमत्तेची चोरी यांचाही समावेश झाला आहे. जुन्या कलम ३८० चे आकडे आणि नव्या कलम ३०५ चे आकडे शेजारी-शेजारी ठेवल्यास, पोटकलमनिहाय नोंद नसेल तर, तुलना निरर्थक होईल. २०१४ नंतर मालिकेत पडलेली ही दुसरी मोठी फट आहे.

याच वेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने कोणत्याही ठाण्यात फिर्याद देण्याची आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून माहिती देण्याची सोय केली आहे. अशा माहितीवर तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. दिल्लीत घरफोडी व घरातील चोरीसाठी ऑनलाइन प्रथम खबरी अहवालाची सोय २०२२ मध्येच सुरू झाली होती. या तरतुदी प्रामाणिकपणे राबवल्या गेल्या तर येत्या काही वर्षांत घरफोडीचे आकडे वाढतील. ती वाढ अपयश म्हणून रंगवली गेली, तर ठाणी पुन्हा जुन्या सवयीकडे वळतील. आकडा वाढणे हे काही काळ यशाचे लक्षण असू शकते, हे समजून घेण्याची तयारी शासन, माध्यमे आणि अभ्यासक या तिघांनीही ठेवावी लागेल.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

पहिला, १९५३ ते २०११ या काळात घरफोडीच्या नोंदींचा दर सुमारे पाचव्या हिश्श्यावर आला हे सत्य आहे; घरफोडीच्या घटनांचा दर तितका घटला हे मात्र सिद्ध झालेले नाही. दुसरा, मुख्य गुन्ह्याचा नियम, कलमांची निवड आणि शीर्षकांतील बदल यांमुळे राष्ट्रीय मालिका एकसंध राहिलेली नाही. तिच्यावरून दीर्घकालीन कल काढताना २०१४ आणि २०२४ या दोन वर्षी रेषा खंडित करणे आवश्यक आहे. तिसरा, गुन्ह्यांची संख्या हाच पोलिसांच्या मूल्यमापनाचा निकष राहिला तर ती संख्या विश्वसनीय होऊ शकत नाही. चौथा, पोलीस दप्तराहून स्वतंत्र असे राष्ट्रीय गुन्हापीडित सर्वेक्षण नियमितपणे झाल्याशिवाय घट की टाळाटाळ या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची अनेक दशकांची परंपरा असलेल्या देशास हे काम अशक्य नाही.

महाविद्यालयीन स्तरावर समाजशास्त्र, अर्थशास्त्र, विधी आणि संख्याशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आपापल्या तालुक्यात अशी छोटी सर्वेक्षणे हाती घेतल्यास राष्ट्रीय आकड्यांच्या मर्यादा स्थानिक पातळीवर तपासता येतील. एका गावात वर्षभरात किती घरे फुटली आणि त्यांपैकी किती ठाण्याच्या दप्तरात आली, एवढ्या दोन संख्या जरी शेजारी-शेजारी ठेवता आल्या, तरी 'क्राइम इन इंडिया'तील तक्त्याकडे पाहण्याची दृष्टी बदलेल. तोपर्यंत घरफोडीची घट ही अध्यापनात आणि संशोधनात निष्कर्ष म्हणून न वापरता तपासावयाचे गृहीतक म्हणूनच वापरणे योग्य ठरेल.